सवलतीची मोटार आणि परक्याचें नांव

गेल्या कांहीं वर्षांपासून सुरगाण्याच्या बाजारांत मोटारीवरील सवलतीच्या गोष्टी वारंवार कानीं पडतात. अमक्यास सरकारी नोकर म्हणून सूट मिळाली, तमक्यानें शिक्षक मेहुण्याच्या नांवावर गाडी घेऊन इतके हजार वांचविले, अशी ही चर्चा असते. भात, नागली व स्ट्रॉबेरी यांच्या उत्पन्नांतून चार पैसे गांठीस बांधलेला शेतकरी तें ऐकून आपणही तसेंच करावें अशा विचारांत पडतो. ह्या विचारांत लाभ किती व धोका किती, हें शेतकरी बंधूंपुढें मांडावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही सवलत म्हणजे काय तें पाहूं. मोटारीचे कारखाने आपल्या नोकरांस व त्यांच्या जवळच्या आप्तांस कमी किंमतींत गाडी देतात. त्याच्या पुढें जाऊन सरकारी खातीं, शाळा, बँका व मोठ्या कंपन्या यांच्या नोकरांसही विक्रेते ओळखपत्र व पगारपत्रक पाहून सूट देतात. लष्करांतील आजी-माजी सैनिकांसाठीं १९४८ सालीं स्थापन झालेलें कॅन्टीन खातें आहे. तेथील मालावर वस्तु व सेवा कराचा भार निम्माच पडतो. आमच्या वाचकांत जे माजी सैनिक असतील त्यांनीं स्वतःच्या गाडीसाठीं ही वाट अवश्य विचारून पाहावी.

परंतु ही सूट म्हणजे दानधर्म नव्हे. नोकरदारांची यादी तयार असते, त्यांचा पगार ठरलेला असतो, कर्जाचा हप्ता बुडण्याची भीति कमी असते आणि एका कचेरींतून दहा गिऱ्हाइकें मिळतात. म्हणून विक्रेता आपल्या नफ्यांतील कांहीं भाग सोडतो. सारांश, सूट एकट्या माणसास मिळत नसून तो ज्या समूहांत मोजला जातो त्या समूहास मिळते. हें वर्म ध्यानांत ठेवावें.

दुसरें वर्म असें कीं, सूट किती हें मूळ किंमत कोणी लिहिली त्यावर अवलंबून असतें. अमेरिकेंत २००५ सालच्या जून महिन्यांत जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या नोकरांची किंमत सर्वच गिऱ्हाइकांस लागू केली. पुढच्याच महिन्यांत फोर्ड व क्रायस्लर यांनींही तोच मार्ग धरला. विक्री एकदम वाढली व योजना ओसरतांच खालीं आली. जी किंमत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास देतां येते, तिला सवलत म्हणावें कीं खरी किंमत म्हणावें, याचा विचार वाचकांनींच करावा. तेव्हां "सूट किती?" हा प्रश्न बाजूस ठेवून, कर, नोंदणी व विमा धरून गाडी दारांत येईपर्यंत एकंदर किती रुपये द्यावे लागतील, हाच प्रश्न करावा, व उत्तर लेखी घ्यावें. विमा त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ति नाहीं, हेंही विसरूं नये.

सूट बिलावर दाखविलेली असावी. समजा, कराआधींची किंमत ६,००,००० रुपये व कर १८ टक्के आहे. एकूण ७,०८,००० झाले. विक्रेत्यानें ३०,००० रुपयांची सूट बिलावरच दिली, तर कर ५,७०,००० वरच बसतो व एकूण ६,७२,६०० होतात. म्हणजे ३५,४०० वांचतात. तेच ३०,००० रुपये गाद्या, पडदे व इतर सामानाच्या रूपानें दिले, तर कराचा लाभ जातो आणि सामानाची किंमतही विक्रेताच ठरवितो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर २८ टक्के व अधिभार यांवरून १८ टक्क्यांवर, आणि ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ती सर्वांस मिळणारी सरकारी कपात आहे; विक्रेता ती आपली सवलत म्हणून मोजून दाखवील तर मान्य करूं नये.

आतां परक्याच्या नांवाविषयीं. माझें उमेदीचें आयुष्य महसुली दप्तर सांभाळण्यांत गेलें. पैसे कोणाचे हें दप्तर विचारीत नाहीं; नोंद कोणाची एवढेंच तें विचारतें. आमच्याच भागांतील एका शेतकऱ्यानें मेहुण्याच्या नोकरीवर गाडी घेतली व पंचवीस हजार वांचविले. दीड वर्षांत मेहुणा वारला. पैसा सारा शेतकऱ्याचा, पण नोंदणी मेहुण्याची. म्हणून गाडी वारसांची झाली. वारसांत एकमत होईना. आठ महिने गाडी अंगणांत उभी राहिली आणि बहीण-भावाचें येणें-जाणें बंद पडलें. तें अद्याप सुरू झालेलें नाहीं. पंचवीस हजारांत हा सौदा स्वस्त म्हणावा काय?

नांव देणाऱ्यानेंही सावध असावें. अपघाताच्या नुकसानभरपाईपुरता नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे. शिवाय १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ सालीं कडक करण्यांत आला, व तो जंगम मालमत्तेसही लागू पडतो.

मग शेतकऱ्यानें पूर्ण किंमतच मोजावी काय? नाहीं. आपलाही समूह करावा. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथील उद्योजक, व्यापारी, डॉक्टर इत्यादि मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकदम घेतल्या. कंपनीनें त्यांस सवलत दिली व स्टेट बँकेनेंही कमी व्याजानें कर्ज दिलें. तितक्या भारी मोटारींचें आम्हांस कारण नाहीं. पण गाडी ज्याची त्याच्याच नांवावर राहून सौदा मात्र सर्वांचा मिळून झाला, ही रीत आमच्या उपयोगाची आहे. खत व बियाणें एकत्र मागविण्याची रीत सहकारी संस्थांमुळें आपणांस परिचित आहेच. तीच येथें लावावयाची.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास ठरलेला पगार कोठें आहे? खरें आहे. परंतु कोण हप्ते फेडील व कोण फेडणार नाहीं, हें संघाच्या पंचांस जितकें ठाऊक असतें तितकें कोणत्याही पगारपत्रकावरून कळत नाहीं. माझी सूचना अशी आहे. ज्या सभासदांस येत्या वर्षांत ट्रॅक्टर, मालवाहू पिकअप अथवा मोटार घ्यावयाची असेल त्यांनीं वर्षारंभीं संघाकडे नांवें द्यावीं. दहा-बारा नांवें जमतांच संघानें नाशिकच्या निदान तीन विक्रेत्यांकडून एकंदर किंमतीचे लेखी दर मागवावे व बँकेशींही एकत्रच बोलणें करावें. बिल, नोंदणी व विमा प्रत्येकाच्या स्वतःच्या नांवाचा असावा. ज्याची गरज नाहीं त्यानें केवळ सूट मिळते म्हणून यादींत नांव घालूं नये. अनावश्यक वस्तु सवलतींत घेतली तरी ती महागच पडते.

येत्या वार्षिक सभेंत हा विषय मांडावा, अशी चालकांस विनंति आहे. मेहुण्याच्या ओळखपत्रापेक्षां आपल्या संघाची यादी अधिक मोलाची ठरावी, हें आपल्याच हातीं आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, सुरगाणा