पटाशेजारचे घड्याळ रुसते तेव्हा

शाळेच्या सभागृहात बुद्धिबळाची स्पर्धा रंगात आली आहे. कोपऱ्यातल्या पटावर आठवीतला मुलगा एक प्यादे जादा घेऊन बसला आहे. चाल करून तो घाईने घड्याळाची कळ दाबतो आणि पडदा एकदम कोरा होतो. पंच येतात. "तुझी किती मिनिटं उरली होती?" मुलगा म्हणतो सहा, समोरचा म्हणतो चारच. बाहेर व्हरांड्यात डबा घेऊन उभ्या असलेल्या आईला एवढेच दिसते, की लेकाचा चेहरा उतरला आहे.

जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा नियम असा, की उघड दोष दिसत नसेल तर घड्याळ दाखवील ते खरे. दोष दिसला तर घड्याळ बदलायचे आणि नव्यावर किती वेळ लावायची ते पंचांनी आपल्या विवेकाने ठरवायचे. पण विवेकाला आधार हवा ना! ज्या कागदावर चाली लिहितात त्यावर घड्याळातली वेळ लिहायलाही नियमाची परवानगी आहे. दर चार-पाच चालींनंतर उरलेली मिनिटे समासात टिपणाऱ्या मुलाला पंचांसमोर वाद घालावा लागत नाही. प्रशिक्षक घोड्याच्या चाली घोटून घेतात, ही सवय मात्र क्वचितच लावतात.

लंडनच्या १८८३ च्या स्पर्धेत जोडघड्याळे आली, तेव्हा ती चावीची होती. अमेरिकेच्या बॉबी फिशर यांना १९८९ साली नव्या घड्याळाचे पेटंट मिळाले. प्रत्येक चालीमागे खेळाडूला काही सेकंद वाढवून देणारे हे घड्याळ १९९२ मध्ये फिशर-स्पास्की सामन्यात वापरले गेले. आज बहुतेक मोठ्या स्पर्धा याच पद्धतीने होतात. सेकंदांची ही भर चावीच्या घड्याळाला घालता येत नाही. त्यामुळे डिजिटल बिघडले की कपाटातले जुने लाकडी घड्याळ काढून भागत नाही.

वेळ मोजण्यात हे यंत्र सहसा चुकत नाही. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्वसाधारण स्फटिकाची चूक दिवसाला फार तर पावणेदोन सेकंद, म्हणजे चार तासांच्या डावात अर्धा सेकंदही नाही. दगा देतात ते सेल, स्प्रिंगा आणि कळ. सेल सैल बसला असेल तर कळीवरच्या एका फटक्याने क्षणभर संपर्क तुटतो आणि घड्याळ सारे विसरून बसते. कळ जोराने दाबू नये असा नियमच आहे. झटपट डावात तो कोण पाळतो म्हणा!

यावरचा इलाज साधा आहे. सेल काढून स्प्रिंग हलकेच बाहेर ओढावी, म्हणजे ती घट्ट टेकते. तिच्यावर पांढरी भुकटी जमली असेल तर सेल गळला आहे. भुकटीला उघडा हात लावू नये. अल्कलाइन सेलचा गळ कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसावा. साध्या झिंक-कार्बन सेलच्या गळाला खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. मग जागा कोरडी करावी. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. मे महिन्यात क्लब बंद होताना सेल काढून ठेवले, तर पावसाळ्यानंतर कपाट उघडताना पश्चात्ताप होत नाही.

आकड्यांचा बिघाड मात्र फसवा. आठाची मधली रेघ उमटली नाही तर तो शून्य दिसतो, वरची उजवी गेली तर सहा! घड्याळ बरोबर चाललेले असते आणि खेळाडू चुकीचे वाचतो. पडदा आणि सर्किट यांना जोडणारी रबराची बारीक पट्टी पुष्कळ घड्याळांत असते. ती सरकली किंवा तिच्यावर धूळ बसली की रेघा गळतात. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा नीट बसवू शकतो. घरी स्क्रू काढण्याचा मोह टाळलेला बरा. सेल घातल्याबरोबर काही घड्याळे सगळ्या रेघा एकदम दाखवतात. डाव सुरू होण्यापूर्वी पंचांनी तेवढे पाहून घ्यावे.

पडद्याची काचच तडकली आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला, तर पुसून काही होत नाही. तरी ते घड्याळ भंगारात देऊ नये. त्याची कळ, स्प्रिंगा आणि सेलचे झाकण त्याच बनावटीच्या दुसऱ्या घड्याळाला चालतात. सेलच्या झाकणाऐवजी चिकटपट्टी लावलेली निदान दोन घड्याळे तरी बहुतेक क्लबांत सापडतात.