खंडेनवमीचा लेथ आणि उल्मची नळी

खंडेनवमीच्या दिवशी सानपाड्याहून तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. गाळ्यागाळ्यांतून लेथ धुऊनपुसून ठेवलेले असतात, चकला झेंडूची माळ असते आणि पाटावर मांडलेल्या व्हर्नियर-मायक्रोमीटरवर हळदकुंकू वाहिलेले असते. ज्यांच्या घरी पूर्वी तलवार पुजली जात असे, त्यांचे नातू आज लेथ पुजतात.

गेल्या नवमीला अशाच एका गाळ्यात प्रसाद घेत असता मालकाच्या अभियंता मुलाने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखविली. कोणी अमेरिकन गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये, घरच्या लेथवर, रायफलीच्या नळीच्या तोंडाशी आटे पाडीत होता. हौस म्हणून! धक्का किंवा आवाज कमी करणारे साधन पुढे बसविता यावे, एवढाच हेतू. मुलगा म्हणाला, "काका, आटे तर आम्ही रोज पाडतो. पंपाच्या शाफ्टला पाडतो, व्हॉल्व्हला पाडतो. मग यात एवढे विशेष काय?"

विशेष आहे. शाफ्टचे आटे किंचित तिरके गेले, तर पंप कुरकुरेल. नळीचे आटे मात्र आतल्या छिद्राच्या अक्षाशी जुळावे लागतात. ते चुकले तर पुढे बसविलेल्या साधनालाच गोळी घासते. आणि कायद्याचे काय? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि ते घडविणारी यंत्रसामग्रीही येते. परवान्याविना शस्त्र बनविणे, त्यात बदल करणे, इतकेच नव्हे तर त्याची दुरुस्ती करणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. ही कठोरता मला अनाठायी वाटत नाही. ज्या देशात शाळकरी मुलांना गोळीबारापासून लपण्याची कवायत शिकवावी लागते, त्या देशाची हौस उसनी घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. गॅरेज हे काही बंदूक घडविण्याचे ठिकाण नव्हे.

पण म्हणून प्रश्न संपला काय? आमच्या विद्वानांना तो येथेच संपवायचा असतो. बंदूक म्हटली की हिंसा, आणि हिंसा म्हटली की चर्चा बंद! मग १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा हेच लोक पेढे कसे वाटत होते? २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या. सानपाड्याहून थोड्याच अंतरावर, पनवेलला, सुमा शिरूर नव्या पिढीला नेमबाजी शिकवीत आहेत. नेमबाज आपला, डोळा आपला, श्वासावरचा ताबा आपला. परंतु या दर्जाच्या रायफली जर्मनीतून किंवा स्वित्झर्लंडमधून येतात. आन्शुट्झ आणि वाल्थर ही दोन्ही नावे उल्म या एकाच शहराशी जोडलेली आहेत.

त्या उल्ममध्येही कोणी घरी हौसेने नळी घडवीत नाही, हे आमच्या अमेरिकाभक्तांनी लक्षात घ्यावे. जर्मनीत नळी हा स्वतंत्रपणे नियंत्रित भाग आहे. बंदूकघडण हा तेथे रीतसर उमेदवारी करून शिकण्याचा धंदा असून त्यात 'मास्टर' होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. नवे शस्त्र सरकारी चाचणीगृहात जास्त दाबाचे काडतूस झाडून पारखले जाते आणि त्यावर शिक्का उमटल्यानंतरच ते विकता येते. तेथे कारागिराला बांधले आहे खरे, पण त्याला मारलेले नाही!

आपल्याकडे त्याला मारले. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफा-बंदुकांचे कारखाने उभारले होते, म्हणजे हे हात आपल्याकडे नव्हते असे नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. त्यातून युरोपियनांना सूट होती आणि हिंदी माणसाला मात्र परवान्याची सक्ती. या कायद्याविरुद्ध काँग्रेसने १८८७ पासून ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, परंतु त्यानेही कारागिरावरचा अविश्वास तसाच जपून ठेवला. गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडविणारे सिकलीगर आज कुलपे-किल्ल्या करून पोट भरतात. चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीचे नाव तर आता गावठी पिस्तुलांसाठीच निघते. तेथील गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण तो हात सरळ मार्गाने कामाला लावण्याचा विचार एवढ्या वर्षांत किती गांभीर्याने झाला?

२००१ साली संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुले झाले, २०१६ साली नवे शस्त्र नियम आले, २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. हे सारे स्वागतार्हच आहे. पण ही दारे हत्तीच्या मापाची आहेत. कागदोपत्री अर्ज कोणालाही करता येतो. दोन लेथच्या गाळ्याने तो केला तर काय होईल, हे सरकारी कचेरीचा उंबरठा झिजविलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

घरात नळी घडविण्याची मुभा कोणी मागत नाही. मी तर मुळीच नाही. खडकी, अंबरनाथ, वरणगाव येथे आयुध कारखाने आहेत. त्यांच्या आवारात, त्यांच्याच पहाऱ्यात, स्पर्धेच्या रायफलींची दुरुस्ती आणि नळीकाम शिकविणारा अभ्यासक्रम का सुरू होऊ नये? प्रत्येक नळीवर क्रमांक, प्रत्येक कामाची नोंद, चारित्र्य पडताळणी झालेले मोजके विद्यार्थी. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले आर्मरर आहेत. त्यांच्यापैकी एखादा सानपाड्यातल्याच कुठल्या सोसायटीच्या फाटकावर, हातात नोंदवही घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहीत बसलेला असेल.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, की घरी असले काही करू नकोस. त्याने भ्रमणध्वनी खिशात टाकला आणि विचारले, "मग कुठे करू, काका?"