सोलर लावायचंय? मग आधी छपराचं ठरवा: कौलं, पत्रा की स्लॅब?

घर बांधायला काढलं की हल्ली दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. आई-बाबा कौलांचे रंग बघत असतात आणि तुमच्या फोनवर सोलरच्या जाहिराती येत असतात. ‘३ किलोवॅट बसवा, ७८ हजार सबसिडी मिळवा’. आकडा खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे वेळ चांगली आहे.

पण जाहिरातीतलं घर बघा. सपाट स्लॅब, वर लोखंडी स्टँड. कोकणात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा गोव्यात उतरत्या छपराचं घर बांधणाऱ्याला ही जाहिरात अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी आपण बघू.

खरी अडचण: शाकारणी

मंगलोरी कौलांचं छप्पर दरवर्षी पावसाआधी शाकारावं लागतं. फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची, पालापाचोळा काढायचा. माकडं येत असतील तर काम आणखी वाढतं. आणि पॅनेल? ती २५ वर्षांच्या हिशोबाने बसवतात.

म्हणजे ज्या भागावर पॅनेल येणार, तिथे पुढची २५ वर्षं सहज हात पोचणार नाही. खालचं एक कौल फुटलं तरी पॅनेल उतरवायला माणूस बोलवावा लागेल, आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. म्हणून कौल निवडताना रंगाआधी प्रश्न हा: पॅनेलखाली हे छप्पर हात न लावता किती वर्षं टिकेल?

कशावर काय जमतं?

मंगलोरी कौलं, खाली लाकडी वासे: जमतं, पण पॅनेलचा आधार कौलावर किंवा रिपेवर नको, थेट वाशावर हवा. त्यासाठी कौलाखालून वळून वर येणारे हुक मिळतात. कौलाला भोक पाडून बोल्ट मारणारा भेटला तर त्याला थांबवा. पहिल्याच पावसात गळती सुरू होईल. पॅनेलखाली जुनी कौलं वापरू नका आणि तिथल्या लाकडाला वाळवीचं औषध आधीच करून घ्या.

उतरता स्लॅब, वर शोभेची कौलं: बंगल्यांमध्ये आता हेच जास्त दिसतं आणि सोलरसाठी हे सोयीचं आहे. पाणी अडवायचं काम स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग करतं. अट एकच. पॅनेलचे अँकर कौलं बसवण्याआधी स्लॅबमध्ये घाला आणि त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग करा. पॅनेलखालच्या भागात महागडी कौलं लावलीच नाहीत तरी चालतं. कोणाला दिसणार आहेत?

पत्रा: सगळ्यात सोपा आणि हलका. काही पत्र्यांच्या उभ्या शिवणीवर भोक न पाडता क्लॅम्प बसतो. समुद्राजवळ असाल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागा, खारं वारं साधं लोखंड खातं. सिमेंटचा पत्रा मात्र टाळा. तो ठिसूळ असतो, चालताना पाय आत जाऊ शकतो.

सोलर कौलं: टेस्लाने २०१६ मध्ये दाखवल्यापासून यांचे व्हिडिओ फिरतायत. दिसतात भारी. पण पॅनेल तापलं की वीज कमी बनते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. म्हणजे पॅनेल ६० अंशांवर गेलं की दहा टक्क्यांहून जास्त घट. साध्या पॅनेलखालून वारा खेळतो, कौलात बसवलेल्या सोलरखाली तो कमी खेळतो. शिवाय सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलची भारतीय पॅनेल लागतात, त्यामुळे बाहेरून मागवलेली कौलं त्यात बसत नाहीत.

पाखं कुठल्या दिशेला?

साधारण ५४० वॅटची सहा पॅनेल लावली की ३ किलोवॅट होतात. त्यांना सुमारे १७० चौरस फूट जागा लागते, शिवाय कडेने थोडी मोकळी. दुपाखी घराच्या एका पाख्यावर ही जागा सहज निघते. चौपाखी घरात पाख्यांचे त्रिकोण होतात आणि चौकोनी पॅनेल त्यात नीट बसत नाहीत.

दिशाही बघा. रत्नागिरीत डिसेंबरच्या दुपारी सूर्य डोक्यावरून जवळपास ४० अंश दक्षिणेला असतो. अशा वेळी २५ अंश उताराच्या उत्तरेकडच्या पाख्यावर पडणारं थेट ऊन दक्षिणेकडच्या पाख्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. जूनमध्ये सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला येतो, तेव्हा उत्तरेचं पाखं फायद्यात. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं! म्हणून आढं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे एक पाखं दक्षिणेला मिळेल. ते शक्य नसेल तर पूर्व-पश्चिम पाखीही चालतात, वीज थोडी कमी मिळेल इतकंच.

वजन नाही, वारा

‘छप्पर वजन पेलेल का?’ असं सगळे विचारतात. एक पॅनेल साधारण २८ किलोचं, म्हणजे सहांचे १७० किलोच्या आसपास, आणि तेही पूर्ण पाख्यावर पसरलेले. चांगल्या वाशांना ते जड नाही, तरी इंजिनिअरला आधीच सांगा. मोठा धोका वाऱ्याचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं आणि पत्रे उडालेले आपण पाहिलेत. वारा पॅनेल खाली दाबतो तसा वरही ओढतो. म्हणून आधार वाशात घट्ट हवा आणि वासे भिंतीला बांधलेले हवेत.

फोन काढा, ही चार कामं करा

१. कंपास ॲपने प्लॉटवर दक्षिण बघा, नकाशा मंजूर व्हायच्या आधी.
२. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता फोटो काढा. माडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते कळेल. एका पॅनेलवरची सावलीही पूर्ण रांगेची वीज कमी करू शकते.
३. कौलं चढायच्या आधी वाशांचे फोटो टेप धरून काढा. दोन वाशांतलं अंतर दिसलं पाहिजे. सोलरवाला दोन वर्षांनी आला तरी त्याला वासा शोधायला कौलं उचकटावी लागणार नाहीत.
४. गळती झाली तर कोण दुरुस्त करणार, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. व्हेंडर योजनेत नोंदलेला आहे ना, तेही तपासा.

आणि हो, त्याच कंपनीची पन्नास-साठ कौलं जास्तीची घेऊन ठेवा. पाच वर्षांनी तोच साचा बाजारात मिळेल याची खात्री नाही. सबसिडीचा अर्ज घर झाल्यावरही भरता येतो. आढ्याची दिशा मात्र एकदाच ठरते.