शेअर आजोबांच्या नावावर, कारखाना कुणाचा?

आमच्या घरी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत एक कागद आहे. कडेला नक्षी, खाली शिक्का, मध्ये आजोबांचं नाव. सहकारी साखर कारखान्याचा शेअर. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे. सातारा-सांगलीकडच्या ऊसवाल्या घरातले असाल तर असा कागद तुमच्याकडेही असणार, आणि तुम्ही तो कधी नीट वाचला नसणार. मीही वाचला नव्हता. ‘होस्टाइल टेकओव्हर’वर असाइनमेंट करायला बसले, तेव्हा कुठे तो आठवला.

होस्टाइल टेकओव्हर म्हणजे काय, तर कंपनी चालवणारे ‘नको’ म्हणत असताना बाहेरच्याने थेट शेअरहोल्डरांच्या दारात जायचं, जास्त भाव द्यायचा आणि कंपनी ताब्यात घ्यायची. सिनेमात हे न्यूयॉर्कच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये घडतं. आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण मात्र इथून फार लांबचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, राधानगरीच्या डोंगरातून बॉक्साइट निघतं आणि ट्रकने बेळगावच्या अल्युमिना कारखान्यात जातं. हा कारखाना आज हिंदाल्कोचा आहे. १९९८ मध्ये तो इंडालचा, म्हणजे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा होता.

त्या वर्षी अनिल अगरवाल यांच्या स्टरलाइटने इंडालच्या २० टक्के शेअरसाठी ऑफर काढली. भाव ९० रुपये. इंडालमधली सगळ्यात मोठी भागीदार कॅनडाची ॲल्कन कंपनी होती, तिच्याकडे साधारण ३४.६ टक्के शेअर होते. ॲल्कनने १०५ रुपयांची उलटी ऑफर काढली. स्टरलाइट ११५ वर गेली. मग भाव चढतच राहिले. एखाद्या गावात दोन पार्ट्यांनी एकाच वावरासाठी बोली लावावी तसं.

आता बघा, ही लढाई जिंकली कुणामुळे? कंपनीच्या मॅनेजमेंटने कितीही विरोध केला तरी निकाल त्यांच्या हातात नव्हता. स्टरलाइट आणि ॲल्कन सोडून तिसरा मोठा गठ्ठा सरकारी वित्तसंस्थांकडे होता. यूटीआय, एलआयसी वगैरे. त्या गप्प बसलेल्या भागधारकांनी ज्याला शेअर दिले, तो जिंकला. ॲल्कन ५४.६ टक्क्यांवर पोचली. झाली ना कंपनी ‘वाचवून’? दोनच वर्षांनी, २००० मध्ये, ॲल्कनने तो सगळा हिस्सा १९० रुपये भावाने, सुमारे ७३८ कोटींना, हिंदाल्कोला विकून टाकला.

मला इथे थांबावंसं वाटलं. ‘हल्ला परतवला’, ‘कंपनी वाचली’ असे शब्द आपण पटकन वापरतो, पण वाचवणाऱ्याने ती नंतर कुणाला विकायची हे तो एकटाच ठरवतो. स्टरलाइटनेही इंडालचा नाद सोडला आणि २००१ मध्ये सरकारकडून बाल्कोचे ५१ टक्के ५५१.५ कोटींना घेतले. तिथे तर कामगारांनी ६७ दिवस संप केला, तरी व्यवहार झालाच. चंदगडच्या डोंगरात ट्रक भरणाऱ्याला मात्र १९९८ ला कुणी विचारलं नाही आणि २००० लाही नाही. त्याच्याकडे शेअर नव्हता, इतकं साधं कारण.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. इंडालच्या छोट्या शेअरहोल्डरला या भांडणाचा फायदाच झाला. ९० चा शेअर चढत गेला. कायदाच तसा आहे. सेबीच्या आजच्या, म्हणजे २०११ च्या नियमांप्रमाणे एखाद्याने लिस्टेड कंपनीचे २५ टक्के शेअर गोळा केले की बाकीच्यांकडून किमान आणखी २६ टक्के घेण्याची खुली ऑफर त्याला काढावीच लागते. म्हणजे मालक बदलणार असेल तर तुम्हालाही दाम घेऊन बाहेर पडायची संधी. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या माइंडट्रीचं असंच झालं. कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ यांनी आपले २०.३२ टक्के शेअर एल अँड टीला ९८० रुपये भावाने विकले. कंपनी उभी करणारे विरोधात होते, पण त्यांच्याकडे मिळून जेमतेम १३ टक्के होते. एल अँड टी ६० टक्क्यांवर गेली आणि जुलैमध्ये संस्थापकांनी राजीनामे दिले. पण छोट्या शेअरहोल्डरलाही तोच ९८० चा भाव खुला होता.

तर मी हे सगळं रंगवून घरी सांगत होते. बाबा म्हणाले, ‘आपल्या कारखान्यात असलं काही होत नसतं. सहकार आहे तो.’

कागदावर बाबा बरोबर आहेत. सहकारात एक सभासद, एक मत. तुमच्याकडे एक शेअर असो की दहा, मत एकच. हे शेअर बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे कुणी येऊन गठ्ठ्याने विकत घेऊ शकत नाही. अनिल अगरवालच काय, कुणीही आलं तरी कृष्णाकाठच्या कारखान्याचे २५ टक्के गोळा करू शकणार नाही. जगातल्या कुठल्याही कंपनीला हेवा वाटावा असं हे कुलूप आहे.

पण कोरेगाव तालुक्यातल्या जरंडेश्वर कारखान्याचं काय झालं? शेअरला कुणी हातही लावला नाही. कारखान्यावर कर्ज होतं, ते थकलं, आणि २०१० मध्ये राज्य सहकारी बँकेने कारखान्याचा लिलाव केला. ६५.७५ कोटींना. संस्थापक शालिनीताई पाटील आणि सभासद विरोधात उभे राहिले, कोर्टात गेले. २०२१ मध्ये ईडीने त्याच मालमत्तेवर टाच आणली. कोण दोषी, हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे, माझं नाही. मला दिसतं ते वेगळं. इंडालच्या शेअरहोल्डरला किमान ‘विकतोस का?’ असं विचारलं गेलं होतं. लिलावात सभासदाला कुणी विचारत नाही, कारण विकला जातो तो शेअर नाही, तर गहाण टाकलेली जमीन आणि यंत्रं. पैसे बँकेच्या कर्जात जातात. तुमच्या हातात राहतो तो नक्षीचा कागद. खुली ऑफर नाही, ९८० नाही, ९० सुद्धा नाही.

म्हणजे आपल्याकडचा ताबा शेअरच्या दाराने येत नाही, कर्जाच्या दाराने येतो. आणि ते दार उघडं राहतं ते वार्षिक सभेत.

ती सभा तुम्ही पाहिली आहे का? मी गेल्या सप्टेंबरमध्ये काकांसोबत एका कारखान्याच्या सभेला गेले होते. मंडप, चहा, फ्लेक्स. विषय क्रमांक वाचला की पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर!’ एक जण मागून कर्जाबद्दल विचारायला उठला, तर त्याच्यापर्यंत माइकच पोचला नाही. अहवालाची जाड पुस्तिका सगळ्यांना मिळाली होती. परत येताना जीपमध्ये ती कुणाच्या तरी पायाखाली होती. काकांना दिवाळीच्या साखरेचे किलो पाठ होते, कर्जाचा आकडा माहीत नव्हता. आणि काकांना हसायचा मला अधिकार नाही, कारण मी मास कॉम करते आणि तो ताळेबंद मलाही धड वाचता आला नाही. शेवटी एम.कॉम.च्या मैत्रिणीला फोटो पाठवले.

कुणी म्हणेल, खासगी आला तर बिघडलं कुठे? ऊस नेला, चौदा दिवसांत एफआरपी दिली, संपलं. खरं आहे, बिलाची वाट बघून थकलेल्या शेतकऱ्याला मालक कोण याचं सोयरसुतक नसतं. कारखाने कर्जात गेले तेही काही बाहेरच्यांमुळे नाही, आपणच निवडून दिलेल्या संचालकांच्या काळात गेले. माझं भांडण खासगीशी नाहीये. विकायचा असेल तर विका, पण ज्यांचा आहे त्यांना विचारून आणि भाव देऊन विका. एवढं तर शेअर बाजारसुद्धा करतो, ज्याला आपण जुगार म्हणतो.

आणि विचारणार तरी कुणाला? माझे आजोबा कारखान्याच्या यादीत अजून सभासद आहेत. ते मत देऊ शकत नाहीत, प्रश्न विचारू शकत नाहीत, सभेला येऊ शकत नाहीत. वारसनोंद न केलेली अशी घरं मला आमच्या एकट्या गल्लीत चार सापडली. इंडालचा निकाल गप्प बसलेल्यांनी ठरवला होता. पण ते निदान जिवंत होते.

मृत्यूचा दाखला सापडला आहे. वारसांची सहमती लागेल, आत्याची सही घ्यायला शिराळ्याला जायचंय. बाबा म्हणतात, नोंद कुणाच्या नावाने करायची ते बघू. मी म्हटलं, माझ्या. त्यावर ते अजून काही बोललेले नाहीत.