गुळवेलीचा धडा : निधी वाढला, पडताळणीचे काय?

महादेवपुरा (बंगळुरू) : पारंपरिक औषधपद्धतींवरील संशोधनाला सरकारने पाठबळ द्यावे का, हा वाद आता मागे पडला आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयुष मंत्रालयासाठी ३,९९२.९० कोटी, तर आरोग्य संशोधन विभागासाठी ३,९००.६९ कोटी रुपयांची तरतूद आहे. आयुषची सर्व रक्कम संशोधनासाठी नसली, तरी सरकारचा कल त्यातून स्पष्ट होतो. खरा प्रश्न या निधीतून येणाऱ्या निष्कर्षांचे पुढे काय होते, हा आहे. गुळवेलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या उपक्रमांतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. गुळवेल आणि सुंठ असलेली आयुर्वेदिक औषधे ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात काही रुग्णांमध्ये यकृताशी संबंधित एसजीपीटीची पातळी वाढल्याचीही प्रामाणिक नोंद होती.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडसाठीच्या आयुष उपचारसंहितेत गुळवेलीचा समावेश झाला आणि तिचा काढा घरोघरी पोहोचला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेत मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. पुढच्याच वर्षी १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वनस्पतीच्या ओळखीचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त होता. मात्र त्याचे उत्तर खुलाशाने नव्हे, तर त्याच निधीतून तातडीच्या स्वतंत्र अभ्यासाने मिळायला हवे होते. एकाच मंत्रालयाने औषधाचा प्रचारही करायचा आणि त्याच्या सुरक्षिततेचा निवाडाही द्यायचा, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणाही याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

चाचण्यांचे सर्व निकाल, प्रतिकूल असले तरी, खुले करणे आणि दुष्परिणामांची छाननी स्वतंत्र तज्ज्ञांकडे सोपवणे, या दोन अटी निधीला जोडता येतील. बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात असो वा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी, चिठ्ठीविना आयुर्वेदिक गोळी विकत घेणाऱ्याला तिचा गुण आणि धोका दोन्ही कळणे, हीच या खर्चाची खरी कसोटी आहे.