मागच्या सीटवर कोण?

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मी एक क्रूझर मोटारसायकल घेतली. बसकी, लांबलचक, भरपूर क्रोम असलेली. तिची सीट इतकी खाली की माझ्यासारख्या सव्वापाच फुटी माणसाचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात. मुलगा म्हणाला, "बाबा, ही गाडी चालवायची नसते, हिच्यावर नुसतं बसायचं असतं." मी ते हसण्यावारी नेलं.

कराड-चिपळूण हा आमचा नेहमीचा रस्ता. चिपळूण हे हिचं माहेर. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरत होतो. मागे ही आणि आमच्या दोघांच्या मध्ये कोंबलेली पिशवी. एका डावीकडच्या वळणावर डाव्या पायाखालून कर्रर असा आवाज आला. फूटरेस्ट डांबराला घासलं होतं. मी दचकलो आणि दचकलेला माणूस करतो तेच केलं, गाडी सरळ उभी केली. सरळ झालेली गाडी वळत नाही. ती पांढरी रेघ ओलांडून उजवीकडे गेली आणि समोरून एस.टी. चढत होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहितो आहे. तो शिवी देईल असं वाटलं होतं. त्यानं नुसतं पाहिलं. त्याचं ते पाहणं शिवीपेक्षा जड होतं.

पोफळीला चहा घेतला. ही शांतपणे म्हणाली, "येताना मी एस.टी.नं येते." आणि आली.

चूक माझी, हे आधी मान्य करतो. वेग जास्त होता. पण त्याच वळणावरून त्याच वेगानं मी एकटा अनेकदा गेलो होतो आणि कधी काही घासलं नव्हतं. मग त्या दिवशीच का? मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली. प्रश्न सुटेना, तसा रविवारी पार्किंगमध्ये टेप घेऊन बसलो. शेजाऱ्यांची छान करमणूक झाली.

मुलानं गाडी सरळ धरली. फूटरेस्टचं टोक गाडीच्या मध्यरेषेपासून पस्तीस सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटर वर. ढोबळ हिशेबानं गाडी पस्तीस अंश कलली की ते टोक रस्त्याला लागणार. मग मी बसलो, महत्प्रयासानं हिला पिशवीसकट मागे बसवलं आणि पुन्हा मोजलं. एकवीस सेंटिमीटर! चार सेंटिमीटर गाडी खाली बसली आणि पस्तीस अंशांचे एकतीस झाले.

आता वळणाचा हिशेब. किती कलावं लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी चाळीस किलोमीटरला जवळजवळ बत्तीस अंश कलावं लागतं. तीसच्या वेगाला साडेएकोणीस अंश पुरतात. वेग पावपटीनं कमी केला तर कल इतका उतरतो! शिवाय बत्तीस अंश कललेल्या गाडीच्या स्प्रिंगांवर नेहमीपेक्षा सुमारे अठरा टक्के जास्त भार येतो, म्हणजे ती आणखी खाली बसते. एकटा असताना मी काठावर सुटत होतो. दोघं असताना सुटणं शक्यच नव्हतं.

गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी मागच्या शॉकॲब्जॉर्बरला, म्हणजे त्यांच्या भाषेत शॉकअपला, हात लावला आणि विचारलं, "हे कोणी कधी फिरवलंय का?" शॉकअपच्या खालच्या बाजूला पाच खाचांची एक कडी असते. आकड्यासारख्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. स्प्रिंग त्यानं ताठ होत नाही, पण त्याच ओझ्याखाली गाडी उंच राहते. आमची कडी शोरूममधून आली तशी सर्वांत नरम खाचेवर होती. एक शॉकअप तेलही गाळत होता, त्यामुळे खड्ड्यातून गेल्यावर मागचं चाक डुचमळत राहायचं. कडी फिरवून एक सेंटिमीटर मिळाला. जुनी जोडी काढून त्याच लांबीची, जरा ताठ स्प्रिंगांची नवी बसवली, तेव्हा आणखी एक. पुढच्या फोर्कमधलं काळं पडलेलं तेलही बदललं. एकतीसचे तेहेतीस अंश झाले. सगळा खर्च मी हौसेनं बसवलेल्या क्रोमच्या लेगगार्डपेक्षा कमी आला.

माझी तक्रार इथेच आहे. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी हार घातला, नारळ फोडायला दिला, पेढा भरवला, चावी हातात देतानाचा फोटो काढला. मागे कोण बसणार, त्यांचं वजन किती, हे कुणी विचारलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मीही विचारलं नाही, कारण मी आरशाला गोंडा कुठे बांधावा या विवंचनेत होतो.

कुणी म्हणेल, असली गाडी घाटात न्यावीच कशाला? ही जात अमेरिकेतल्या लांब, सरळ रस्त्यांसाठी वाढली. हार्ले-डेव्हिडसननं १९७७ साली काढलेल्या एका मोटारसायकलचं तर नावच 'लो रायडर' होतं. आपल्याकडे कावासाकी-बजाज एलिमिनेटर २००१ मध्ये आली आणि २००५ मध्ये ॲव्हेंजर. पण आपण ही गाडी रुबाबासाठीच घेतो असं नाही. बुटके पुरुष, बायका, गुडघे कुरकुरणारी माझ्यासारखी मंडळी यांना पाय टेकण्याचा धीर हवा असतो. तो धीर खरा आहे. आणि कराड ते चिपळूण सरळ रस्ता मला कुणी दाखवलेला नाही.

दुसऱ्या टोकाला तरुण मंडळी दोन-दोन इंच लांब शॉकअप घालतात. मुलाचाही तसा आग्रह होता. मागची बाजू इतकी उचलली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, हँडल चंचल होतं, चेनचा ताण बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी नको तितकी कलते. कायद्याचाही प्रश्न आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना म्हटलं आहे. मी नकार दिला.

फूटरेस्ट दुमडणारं असतं. त्यामुळे ते घासणं ही धोक्याची घंटा आहे, धोका नव्हे. त्यानंतर टेकतात ते स्टँड, सायलेन्सर, चासीचा पाइप. ते दुमडत नाहीत, चाकच उचलून धरतात. म्हणून ब्रेक वळणाआधी, वळणात थ्रॉटल स्थिर आणि अंग जरासं आतल्या बाजूला. अंग आत गेलं की गाडीला तेवढं कमी कलावं लागतं. मागच्यानंही चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहावं, ताठ बसू नये. हे मी हिला कागदावर आकृती काढून समजावलं.

तिनं आकृती नीट पाहिली. "चाळीसला बत्तीस लागतात आणि आता तुमच्याकडे तेहेतीस आहेत. म्हणजे एकच शिल्लक?" हिशेबतपासनीस मी असलो तरी घरखर्च ती चालवते. मी म्हटलं, "वळणावर तीसच्या वर जाणार नाही." मे महिन्यात चिपळूणला भाच्याचं लग्न आहे. जाताना ती गाडीवर येणार, हे ठरलं. येताना फणस असेल तर फणस आणि ती, दोघंही एस.टी.नं.