परीक्षा पावसात, पैसा उन्हात

मृग नक्षत्र पंधरा दिवसांवर आले, की मुंबई-ठाण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये आणि कोकणातील घराघरांत एकच धांदल उडते. कुठे गच्चीवर ताडपत्री ओढली जाते, कुठे जुना कोबा फोडला जातो, तर कुठे कौले उतरवून पत्रे चढवले जातात. पूर्वी या कामाला शाकारणी म्हणत आणि ते करणारा माणूस गावातलाच असे. त्याने शाकारलेले घर आषाढात गळले, तर श्रावणात तो देवळाच्या पायरीवर भेटणारच असे. ही ओळख हीच त्या काळची हमी होती. आज छपराचे काम करणाऱ्याचा पत्ता भ्रमणध्वनीच्या एका क्रमांकापलीकडे बहुधा कुणाला ठाऊक नसतो आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर तो क्रमांकही लागेनासा होतो. घरमालकाची फसवणूक येथून सुरू होते हे खरे. तथापि तिचे सारे खापर माणसांच्या अप्रामाणिकपणावर फोडणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

छपराच्या कामाची जातच निराळी आहे. भिंतीचा रंग उतरला, फरशी तिरकी बसली, तर ते त्याच संध्याकाळी दिसते. गच्चीच्या पोटात काय भरले आहे हे मात्र काम संपल्यावर कुणालाही दिसत नाही. त्याची खरी परीक्षा जुलैत होते. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यापुढे कोणताही कागद टिकत नाही. परंतु पैसे चुकते होतात ते मे महिन्यात. परीक्षेपूर्वीच ज्याला पूर्ण गुण मिळाले, त्याने परीक्षेला बसावे तरी कशाला? लबाड कंत्राटदाराचे सारे कौशल्य या दोन तारखांमधील अंतर जपण्यात असते आणि घरमालकाने खरे लक्ष ठेवावयाचे ते याच अंतरावर.

या व्यवसायाला आपल्याकडे परवान्याचे बंधन नाही, ही गोष्ट आश्चर्यकारकच म्हणावी लागेल. घरात विजेची जोडणी करावयाची तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, नळजोडणीसाठी महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. मात्र आयुष्याच्या बचतीतून घेतलेल्या घराचे छप्पर उघडून पुन्हा झाकणाऱ्याला कसलीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात असा परवाना लागतो, टेक्सासमध्ये राज्याचा परवाना नाही. गारपिटीनंतर दारोदार फिरून कामे मिळवणाऱ्या भटक्या कंत्राटदारांची तक्रार तेथेही जुनीच आहे. तेव्हा परवाना आला की फसवणूक संपली, असे मानण्याचे कारण नाही. परंतु तो नसताना चौकशीचा सारा भार घरमालकावर येतो, हे त्याला निदान माहीत तरी असावे.

फसवणुकीची सुरुवात बहुधा निदानापासूनच होते. सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, की कंत्राटदार गच्चीवर चार पावले चालतो, हातोडीने दोन ठिकाणी ठोकतो आणि संपूर्ण कोबा बदलावा लागेल असे जाहीर करतो. औषध विकणाऱ्यानेच रोग सांगावयाचा, असा हा प्रकार आहे. वस्तुतः ओल गच्चीवरील पाण्याच्या टाकीतून येत असेल, भिंतीतील नळातून येत असेल, कठड्याच्या भेगेतून किंवा पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या तुंबलेल्या नळातूनही येत असेल. कोरड्या एप्रिल-मे महिन्यांतही जी ओल वाढत जाते, तिचा पावसाशी संबंध नसण्याचाच संभव अधिक. एवढे साधे निरीक्षण घरमालकाने केले, तरी लाखभर रुपयांचे अनावश्यक काम टळू शकते. संस्थेच्या इमारतीसाठी तर निदान आणि काम या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे असणे हेच उचित. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. तो अहवाल अनेक ठिकाणी कपाटात पडून असतो आणि गच्चीचा निर्णय मात्र हातोडीच्या आवाजावर होतो.

नव्या इमारतीची गोष्ट आणखी वेगळी. स्थावर संपदा कायदा, 2016 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकाची आहे. असे असताना पहिल्याच गळतीला घाबरून संस्था स्वखर्चाने कंत्राटदार बोलावते. मग विकासक, ‘आमच्या गच्चीला दुसऱ्याचा हात लागला’ असे सांगून मोकळा होतो.

यानंतर येतात दरपत्रके. तीन दरपत्रके मागवली म्हणजे कर्तव्य संपले, अशी कार्यकारी समित्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तीन कंत्राटदारांनी तीन निरनिराळ्या कामांचे दर दिलेले असतात. एकाने जुना कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा आणि त्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी धरलेली असते, दुसऱ्याने जुन्यावरच रसायनाचे दोन हात, आणि तिसऱ्याने ‘गच्ची वॉटरप्रूफ करून देणे, एकरकमी’ एवढीच ओळ लिहिलेली असते. स्वाभाविकच तिसऱ्याचा आकडा सर्वांत लहान असतो आणि सर्वसाधारण सभेत टाळ्याही त्यालाच पडतात. कामाचे वर्णन संस्थेने आधी लिहावे आणि दर मागाहून मागवावेत, हा साधा क्रम आहे. क्षेत्रफळ किती, जुना थर काढावयाचा की नाही, कोब्याची सरासरी जाडी किती, ढाळ कोणत्या दिशेला, गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातील गोलाई किती उंचीपर्यंत, कोणत्या कंपनीचे कोणते रसायन व त्याचे किती हात, आणि राडारोडा कुणी उचलावयाचा, हे त्या कागदावर आले पाहिजे. काम चालू असताना रसायनाचे डबे सीलबंद आले होते का आणि रिकामे किती झाले, हे मोजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कोबा झाल्यावर गच्चीचे नळ बंद करून निदान 48 तास पाणी साठवून ठेवण्याची चाचणीही करारात लिहिलेली असावी. ही चाचणी पावसाची जागा पूर्णतः घेत नाही. परंतु ती टाळण्यासाठी जो कारणे सांगतो, त्याने आपल्या कामाविषयी पुरेसे सांगून टाकलेले असते.

‘बिल नको असेल तर 18 टक्के कर वाचेल’ हे आमिष येथेच दाखवले जाते. मध्यमवर्गीय माणूस एरवी नीतीच्या गोष्टी बोलतो, पण या वाक्यापुढे त्याचा हात सैल पडतो. वाचतो तो कर, आणि जातो तो पुरावा. बिलाशिवाय रोखीने केलेल्या कामाची दहा वर्षांची हमी ही केवळ छापील शुभेच्छा आहे. बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर तो खरा आहे का आणि चालू आहे का, हे सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येते.

अनेक संस्थांनी अलीकडे गच्चीची कटकट कायमची मिटवण्यासाठी वर पत्र्याची शेड उभारण्याचा मार्ग धरला आहे. तिच्या परवानगीविषयी ‘ते आमच्याकडे लागले’ असे कंत्राटदार सांगतो. परवानगीवाचून शेड उभी राहिली, तर पालिकेची नोटीस मात्र संस्थेच्या नावाने येते, त्याच्या नव्हे.

पत्र्याचा हा व्यवहार शहरापेक्षा कोकणात अधिक मोठा आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनारा घासत गुजरातकडे गेले, तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तोच अनुभव आला. पावसाळा दारात उभा, डोक्यावर आकाश आणि घराचा मालक मुंबईत टाळेबंदीत अडकलेला, अशा वेळी घासाघीस कोण करणार? चाकरमान्यांची कित्येक घरे दूरध्वनीवरून शाकारली जातात. विसार ऑनलाइन जातो, कामाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर येतात आणि मालक गणपतीला गावी पोहोचतो तेव्हा ओटीवर पातेली मांडलेली असतात.

पत्र्याच्या फसवणुकीत एक समाधान आहे: ती मोजता येते. पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा म्हणून विकला जातो आणि प्रत्यक्षात 0.40 मिलिमीटरचा निघतो. पुष्कळदा सांगितलेली जाडी रंग आणि जस्ताचा मुलामा धरून असते, मूळ पोलादाची नसते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, काट्याला कळतो. 4 फूट रुंदीच्या सपाट पत्र्यापासून काढलेला 12 फुटी पन्हळी पत्रा खरोखर अर्ध्या मिलिमीटर पोलादाचा असेल, तर त्याचे वजन साडेसतरा किलोच्या आसपास भरते, 0.40 मिलिमीटरचा असेल तर चौदा किलो. गावातल्या वाण्याच्या काट्यावर एक पत्रा चढवला, की साडेतीन किलोंचे हे असत्य उघडे पडते. मात्र हे वजन पत्रे चढण्यापूर्वी व्हावयास हवे. गावी असलेल्या भावाने, काकांनी वा शेजाऱ्याने एवढे एक काम केले, तरी ते शंभर छायाचित्रांपेक्षा मोलाचे ठरेल. कडेच्या ओळींतील स्क्रू आणि त्यांच्या रबरी चकत्या यांचीही मोजदाद त्याच वेळी व्हावी, कारण वारा पत्र्याला प्रथम कडेलाच धरतो.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर कायदा घरमालकाच्या बाजूने आहे. 1993 च्या दुरुस्तीने घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून ग्राहक संरक्षण कायद्यात आली आणि 2019 च्या नव्या कायद्यातही ती आहे. सहकारी संस्थेलाही त्याखाली तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. वकील देण्याचीही सक्ती नाही. तक्रार मात्र वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत व्हावी लागते आणि ‘बघू, पुढच्या पावसाळ्याआधी करून देतो’ या आश्वासनांवर दोन पावसाळे सहज निघून जातात. म्हणून पहिल्या गळतीचे तारखेसह छायाचित्र आणि पहिले पत्र यांना फार महत्त्व आहे. तरीही आयोगाचा निकाल येईपर्यंत छत गळतच राहते, हेही तितकेच खरे.

म्हणूनच पैशाचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे कंत्राट पाहिले, तर त्यात अनामत रक्कम असते, दोषदायित्वाचा कालावधी असतो आणि तो संपेपर्यंत कंत्राटदाराचे काही पैसे सरकारजवळ राहतात. दिवसभर कार्यालयात असली बिले बारकाईने तपासणारा लिपिक संध्याकाळी स्वतःच्या संस्थेच्या सभेत मात्र संपूर्ण रकमेचा धनादेश एकमताने मंजूर करतो! साहित्य आल्यावर एक हप्ता, कोबा किंवा पत्रे झाल्यावर दुसरा, पाण्याच्या चाचणीनंतर तिसरा, आणि उरलेला दहा-पंधरा टक्क्यांचा हप्ता कोजागिरीनंतर, म्हणजे पाऊस परतल्यावर, असा क्रम लेखी ठरवण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

यावर कंत्राटदारांचा आक्षेप असणार, आणि तो सर्वस्वी गैर नाही. लहान कंत्राटदार मजुरांना आठवड्याला पैसे देतो, दुकानदाराची उधारी फेडतो. त्याचे चार महिने पैसे अडकले तर त्याचा संसार अडतो. शिवाय काम उत्तम होऊनही उरलेले पैसे बुडवणाऱ्या संस्था काही कमी नाहीत. त्यामुळे राखून ठेवलेली रक्कम माफक असावी आणि ती कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर मिळेल हे करारात तितक्याच स्पष्टपणे यावे. ज्याचा आपल्या कामावर विश्वास आहे तो एवढे मान्य करतो, किंवा फार तर टक्केवारीवर घासाघीस करतो. मे महिन्यात, ढग दिसू लागल्यावर ही अट घातली तर मात्र ‘मग दुसरा बघा’ असे उत्तर मिळते आणि दुसरा बघायला तेव्हा वेळ नसतो. हीच बोलणी फेब्रुवारीत झाली, तर नकारानंतरही तीन महिने हाती राहतात.